फ्रीज थंड करत नाहीये: स्वतः बघू, गल्लीतला मेकॅनिक, कंपनीवाला, की सरळ नवा?

या मे महिन्यात आमचे दोन फ्रीज बसले. एक इकडचा, पुण्यातला, २६० लिटरचा डबल डोअर, नऊ वर्षं झालेली. दुसरा आईकडचा कराडला, सिंगल डोअर, त्याचं वय आई सांगते तुझ्या बारावीच्या वर्षी घेतला म्हणून, म्हणजे धरा सतरा. तक्रार दोन्हीची एकच, थंड होत नाही. आमचा चौदाशे रुपयांत उठून उभा राहिला, आईच्यावर नुसत्या गॅसचेच साडेचार हजार घालवून शेवटी नवाच आणावा लागला. आणि गंमत म्हणजे आमच्या केसमध्ये कंपनीचा माणूस चुकला आणि गल्लीतला बरोबर निघाला, कराडला नेमकं उलटं झालं. त्यामुळे "कंपनीवाले लुटतात" किंवा "लोकल मेकॅनिककडे देऊ नका" असं कुणी छातीठोक सांगायला लागलं की मी हल्ली नुसती मान हलवतो. खाली लिहितोय ते अशा माणसासाठी जो आत्ता घामाघूम होऊन दुधाचं पातेलं हातात घेऊन उभा आहे आणि कुणाला फोन करायचा ते ठरत नाहीये.

फोन करायच्या आधी दहा मिनिटं द्या. कारण चारही पर्यायांतला कुठला घ्यायचा हे एकाच प्रश्नावर ठरतं: फ्रीजमध्ये थंडी तयारच होत नाहीये, की तयार होतेय पण खाली पोचत नाहीये किंवा टिकत नाहीये? पोचण्याचा प्रॉब्लेम असेल तर रिपेअर जवळजवळ नेहमीच परवडतं. तयारच होत नसेल तर खर्च दोनशेपासून आठ हजारापर्यंत कुठेही जाऊ शकतो, आणि फसवणूक होते ती इथेच.

हे कळायला मीटर लागत नाही, हात आणि कान पुरतात. फ्रीजच्या मागे खाली काळा डबा असतो तो कॉम्प्रेसर. फ्रीज थोडा पुढे ओढा, कान द्या. हलकी घरघर येत असेल तर तो चालू आहे. मग फ्रीजच्या बाहेरच्या दोन्ही बाजूंना तळहात लावा. पूर्वीच्या फ्रीजला मागे काळी जाळी असायची, आता ती पाइप बाजूच्या पत्र्याच्या आत असते, त्यामुळे बाजू कोमट ते गरम लागणं नॉर्मल आहे. आमच्या शेजारच्या काकू "अहो बाजू तापतेय, स्फोट होईल" म्हणून फ्रीज बंद करून बसल्या होत्या, तर काकू, तापतेय तेच चांगलंय, आतली उष्णता बाहेर फेकली जातेय म्हणूनच तापतेय.

आता जोड्या लावा. कॉम्प्रेसर चालू, बाजू गरम, फ्रीजरमध्ये बर्फ ठीक, पण खालच्या कप्प्यात दूध नासतंय: थंडी आहे, पोचत नाहीये. कॉम्प्रेसर तासन् तास चालू, बाजू मात्र थंडगार आणि फ्रीजरही कोरडा: एक तर गॅस गेलाय, नाहीतर पाइप चोक झालीय, नाहीतर कॉम्प्रेसर नुसताच फिरतोय आणि पंप करत नाहीये. मागून "हम्म्म... टिक" असा आवाज, परत चार-पाच मिनिटांनी "हम्म्म... टिक": कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड, म्हणजे त्याच्यावरचा संरक्षक स्विच, त्याला तोडतोय. हे सगळ्यात स्वस्तातलं दुखणंही असू शकतं, रिले (कॉम्प्रेसरला सुरू करून देणारा भाग) आणि ओव्हरलोड बदलून काम होतं, आणि सगळ्यात महागातलंही, कॉम्प्रेसर जाम. आणि आत दिवा लागतोय पण मागे काहीच आवाज नाही, तर थर्मोस्टॅट किंवा पीसीबी (फ्रीजचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), किंवा गावाकडे असाल तर आधी व्होल्टेज बघा. कराडच्या आमच्या आळीत उन्हाळ्यात संध्याकाळी पंखे कसे रेंगाळतात ते मला माहितीय. २३० च्या जागी १७० मिळत असतील तर साधा कॉम्प्रेसर हम्म-टिक करू शकतो, मग त्याला स्टॅबिलायझर लागतो, मेकॅनिक नाही.

घरी काय होतं आणि काय होत नाही

स्वतः बघण्याचा खर्च शून्य, धोका कमी, आणि माझा अनुभव असा की निम्मा गोंधळ इथेच मिटतो. नॉब बघा आधी. आमच्या सासूबाईंनी डिसेंबरात भाज्या गोठतात म्हणून नॉब १ वर आणला होता, तो मे महिन्यातही १ वरच होता. हसू नका, तुमच्याकडेही तपासा. मग दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज सुळकन आली तर तिथून गार हवा जातेय. चारही बाजूंनी करून बघा, बहुतेक वेळा खालचा कोपरा गेलेला असतो कारण तिथे सांडलेलं दूध आणि लोणच्याचं तेल साठतं. कोमट पाण्यात साबण घालून पुसलं तरी कधीकधी परत घट्ट बसतं.

आतला दिवा हा आणखी एक. दार लावल्यावर तो विझतो असं आपण लहानपणापासून धरून चाललोय, बघितलंय कुणी? मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा, दार लावा, काढून बघा. स्विच अडकून दिवा चोवीस तास पेटत असेल, आणि तो जुना पिवळा बल्ब असेल, तर आत एक छोटी शेगडीच ठेवल्यासारखं आहे.

आणि डबे. डबल डोअरमध्ये खालच्या कप्प्याला गार हवा मागच्या भिंतीतल्या झरोक्यांतून येते. आम्ही तिथे इडलीच्या पिठाचं मोठं पातेलं टेकवून ठेवायचो. झरोका बंद, खाली गरम, वर बर्फ, आणि आपण म्हणणार गॅस गेला.

पण घरातला सगळ्यात कामाचा प्रयोग म्हणजे चोवीस तास बंद ठेवणं. हा फक्त फ्रॉस्ट फ्री म्हणजे आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजला लागू आहे. यात फ्रीजरच्या मागच्या पॅनलच्या आड कॉइल असते, तिच्यावर पंखा, तो गार हवा वर-खाली ढकलतो. कॉइलवर बर्फ जमतोच, तो दर काही तासांनी एक हीटर वितळवतो आणि पाणी मागच्या ट्रेमध्ये जातं. हीटर, त्याचा बायमेटल (गारठ्याप्रमाणे हीटर चालू-बंद करणारा छोटा स्विच) किंवा सेन्सर, टायमर किंवा पीसीबी यांतलं काहीही गेलं की बर्फ वितळत नाही, कॉइलवर भिंत तयार होते आणि हवा अडते. आम्ही फ्रीज रिकामा केला, प्लग काढला, दोन्ही दारं उघडी ठेवली, खाली जुनी चादर अंथरली. रात्रभर टपटप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालू केला तर काय थंड, काय थंड! बायको म्हणाली झाला की बरा, उगाच घाबरवलंस. दहा दिवस मस्त चालला, अकराव्या दिवशी खालच्या ट्रेमधली कोथिंबीर मऊ पडली आणि बाराव्या दिवशी दूध फाटलं. म्हणजे रोग गेला नव्हता, पण ओळखला गेला. गॅस आणि कॉम्प्रेसर ठणठणीत, डीफ्रॉस्टमध्ये घोळ. हे दहा दिवसांचं निरीक्षण माझ्या खिशात होतं म्हणून पुढचे सहा-साडेसहा हजार वाचले.

घरी जे करायचं नाही ते एकच: बर्फ काढायला सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर. आत्याकडे भाच्याने सिंगल डोअरच्या फ्रीजरमध्ये चिकटलेला बर्फाचा ट्रे स्क्रूड्रायव्हरने उचकटला आणि "सुस्स्स" असा बारीक आवाज आला, झालं. सिंगल डोअरला तो फ्रीजरचा पांढरा डबा हीच कॉइल असते, पातळ ॲल्युमिनियम. आणि हल्लीच्या बहुतेक फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो आयसोब्युटेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, पेट घेणारा. असतो फार थोडा, साधारण ५०-६० ग्रॅमच्या आसपास, पण असा आवाज आला तर खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू-बंद करू नका, काडी ओढू नका. मागच्या स्टिकरवर कुठला गॅस आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं, आत्ताच फोटो काढून ठेवा, पुढे कामाला येईल.

कंपनीवाला की गल्लीतला

वॉरंटी चालू असेल तर चर्चाच नको, कंपनी. पहिल्या वर्षात बाहेरच्या माणसाने स्क्रू जरी उघडला तरी ते हात वर करू शकतात. आणि "१० वर्षं वॉरंटी" हा जो मोठा स्टिकर दारावर असतो ना, तो सहसा फक्त कॉम्प्रेसरचा असतो. कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस, मजुरी, व्हिजिट याचे पैसे बऱ्याचदा आपलेच, आणि इन्व्हर्टर मॉडेलमध्ये (घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर नव्हे, ज्याच्या कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो तो फ्रीज) कॉम्प्रेसर चालवणारं पीसीबी त्यात धरलंय का ते कार्डावर बारीक अक्षरात बघावं लागतं. भांडायच्या आधी कार्ड वाचा, मग भांडा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

एक सूचना मध्येच देतो नाहीतर विसरेन. कंपनीचा नंबर नेटवर शोधून लावू नका. फसवे नंबर भरपूर फिरतात, फोन उचलतात, "सर, दहा रुपये भरून तक्रार नोंदवा" म्हणून लिंक पाठवतात आणि खातं साफ. नंबर फ्रीजवरच्या स्टिकरचा किंवा वॉरंटी कार्डाचाच घ्यायचा.

वॉरंटीबाहेर मात्र दोघांना समोरासमोर ठेवावं लागतं. कंपनीच्या बाजूने: ओरिजिनल पार्ट, पावती, पार्टवर थोडे महिने गॅरंटी, आणि मॉडेल माहिती असलेला माणूस, जे इन्व्हर्टर फ्रीजला फार महत्त्वाचं आहे, त्याबद्दल पुढे. विरोधात: मे महिन्यात तीन-चार दिवस वाट, व्हिजिटचे पैसे काही झालं नाही तरी द्यायचे, आणि छोटा भाग दुरुस्त करण्यापेक्षा अख्खं असेंब्ली बदलायची सवय. आमच्याकडे आलेला मुलगा नम्र होता, सर-सर करत होता, पण त्याने फ्रीजरचं पॅनल उघडलंच नाही. सात मिनिटांत "सर, पीसीबी गेलंय, गॅसपण कमी वाटतोय" आणि मोबाइलवर ७,८०० चं एस्टिमेट. मी विचारलं, गॅस कमी असता तर चोवीस तास बंद ठेवून दहा दिवस कसा चालला? तो म्हणाला, होतं सर असं कधीकधी. नाही होत. गॅस कमी असेल तर बर्फ वितळवून काहीही फरक पडत नाही. मी व्हिजिटचे पैसे दिले आणि नमस्कार केला.

गल्लीतल्या मेकॅनिकच्या बाजूने: त्याच दिवशी येतो, मजुरी कमी, उघडून बघतो, पार्ट बाजारात खालीवर करून आणतो. विरोधात: पावती नाही, गॅरंटी म्हणजे "मी आहे ना दादा", आणि तो किती शिकलेला आहे हे कळायला काही मार्ग नाही, फक्त तो हत्यारं काय आणतो ते बघायचं. आमच्याकडे आलेल्या मामांनी पहिल्यांदा फ्रीजरचं पॅनल काढलं. मागे कॉइल दिसतच नव्हती, थर्माकोलचा पांढरा ठोकळा बसवल्यासारखा बर्फ. तांब्याने गरम पाणी टाकत वीस मिनिटं वितळवला, मग मल्टिमीटर लावून हीटर बघितला, चांगला होता. बायमेटल बघितला, तो मेला होता. एवढासा, बाटलीच्या बुचाएवढा तुकडा. साडेतीनशेचा पार्ट, बाकी मजुरी, चौदाशे. जुना तुकडा माझ्या हातात ठेवून म्हणाले, ठेवा शोकेसमध्ये. त्याला आता दोन महिने होतील, कोथिंबीर टवटवीत आहे.

या हिशोबाने मी सगळ्यांना लोकलकडेच पाठवलं असतं, पण मग कराडचा किस्सा.

गॅस संपत नाही, गळतो

आईचा फ्रीज मार्चमध्ये पहिल्यांदा बसला. तिथल्या एकाने बघून सांगितलं, "काकू, गॅस संपलाय, जुना झाला ना." २,२०० घेतले, गॅस भरला, सात आठवडे चालला. मेमध्ये परत तेच, परत गॅस, यावेळी २,३००, महागाई. अठरा दिवस चालला. आईचा त्याच्यावर पूर्ण विश्वास, कारण "गॅस भरल्यावर थंड होतो ना रे, मग बरोबरच आहे की तो."

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फ्रीजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस गोल गोल फिरत असतो, वीस वर्षंही फिरेल. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे. आणि भोक न बुजवता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. सात आठवडे, मग अठरा दिवस, यावरूनच कळत होतं की भोक मोठं होतंय.

नीट केलेलं गॅसचं काम कसं असतं तर आधी नळीत नायट्रोजनचं प्रेशर भरून ठेवतात, गेज बघतात, काटा खाली येतोय का. येत असेल तर जॉइंटवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधतात. सापडला की तो जॉइंट बुजवतात, ड्रायर बदलतात (पेनाएवढी तांब्याची नळी असते, ओलावा आणि कचरा पकडते, फारच स्वस्त, पण न बदलणारे खूप आहेत), मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओल अर्धा तास तरी ओढून काढतात, आणि शेवटी काट्यावर वजन करून गॅस भरतात. वजन करून, हे आर-६००ए ला विशेष, कारण मुळात ५०-६० ग्रॅमचा मामला, त्यात दहा ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे किती मोठा फरक. शिवाय तो पेटणारा गॅस असल्यामुळे आत गॅस असताना ज्योत लावून वेल्डिंग करणं हा वेडेपणा आहे, जाणकार माणूस आधी गॅस बाहेर मोकळ्या हवेत सोडतो, काहीजण ज्योतीशिवाय दाबून बसवायचे जॉइंट वापरतात.

आता तुमच्या दारात आलेला माणूस नुसती गॅसची छोटी बाटली आणि पाना घेऊन आला असेल, पंप नाही, काटा नाही, नायट्रोजन नाही, आणि पाऊण तासात "झालं" म्हणत असेल, तर तो कंपनीच्या शर्टात असो की बनियनवर, काम तेच झालंय जे आईच्या फ्रीजचं झालं. मी आता फोनवरच विचारतो, लीक कुठे आहे ते दाखवणार का आणि व्हॅक्यूम पंप आणणार का. या दोन प्रश्नांवर निम्मे लोक येतच नाहीत, बरंच झालं.

शेवटी मी वैतागून आईसाठी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसची तक्रार टाकली. चौथ्या दिवशी एक पन्नाशीचे गृहस्थ आले, त्यांनी प्रेशर लावलं, चहा घेतला, काटा उतरला होता. मागच्या सगळ्या जॉइंटवर फेस लावला, एकही बुडबुडा नाही. म्हणाले, "काकू, बाहेर कुठं लीक न्हाई, आत पफमध्ये हाय. आता ह्याच्यावर पैसं घालू नका." पफ म्हणजे दोन पत्र्यांमधला तो पिवळट फोम, त्यात पाइप गाडलेल्या असतात, तिथला लीक दिसतही नाही आणि हातालाही लागत नाही. आतली लाइन सोडून बाहेरून नवीन कॉइल फिरवून देता येते, काही लोक करतात, सहा हजारांपर्यंत जाईल म्हणाले, पण सतरा वर्षांच्या डब्यावर कशाला. ३५० व्हिजिट चार्ज घेतला आणि गेले. आमच्या दोन घरांचा मिळून सगळ्यात चांगला खर्च झालेला पैसा तो ३५०. डबल डोअर असेल तर एवढं विचारा की लीक दाराच्या चौकटीतल्या पाइपचा आहे का. चौकटीवर घाम येऊ नये म्हणून तिथून एक गरम पाइप फिरवलेली असते, ती गंजते, आणि ती लाइन बायपास करून फ्रीज वाचतो. कोकणात, गोव्यात, समुद्राजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने बाहेरचे जॉइंट खातातच, तिथे आधी मागचे तांब्याचे जॉइंट हिरवे पडलेत का ते टॉर्च मारून बघा.

इन्व्हर्टर फ्रीज असेल तर थोडं वेगळं गणित. हा कॉम्प्रेसर बंदच होत नाही अशी तक्रार लोक करतात, तो तसाच असतो, कमी वेगाने सतत चालतो. पण बिघडला तर गल्लीतल्या जुन्या मामांच्या हातचा नाही. साध्या कॉम्प्रेसरला ते थेट वायर लावून चालवून बघतात, तीच टेस्ट इन्व्हर्टरला केली तर त्याला थेट मेनचा करंट लागतो आणि चांगला कॉम्प्रेसर जाऊ शकतो, कारण तो पीसीबीवरूनच चालवायचा असतो. इथे मी तरी कंपनीलाच बोलावेन, नाहीतर ज्याने माझ्यासमोर पीसीबीचं काम केलंय अशा माणसाला. पीसीबी रिपेअर करून देणारी दुकानं प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, नव्या बोर्डाच्या अर्ध्याहून कमीत होतं, पण ते किती टिकेल हे नशीब.

मग नवा कधी घ्यायचा

माझा साधा नियम: रिपेअरचा आकडा तेवढ्याच नव्या फ्रीजच्या एक तृतीयांशाच्या वर गेला आणि फ्रीज दहा वर्षांच्या पुढे असला तर नवा. पफमध्ये लीक असेल (ती चौकटीतली पाइप सोडून) तर वय बघायचं नाही, नवा. साधा कॉम्प्रेसर गेलाय पण फ्रीज सहा-सात वर्षांचाच आहे, पत्रा गंजला नाही, दार घट्ट, तर कॉम्प्रेसर टाका, कॉम्प्रेसरबरोबर ड्रायर आणि गॅस येतोच, बिलात वेगळा लावला तर विचारा. डीफ्रॉस्ट, पंखा, थर्मोस्टॅट, रिले, गॅस्केट, यासाठी फ्रीज टाकून देणं म्हणजे पंक्चर झालं म्हणून स्कूटर विकणं.

दुकानात एक हमखास ऐकवतात, "सर, नवा घ्या, लाइट बिलातच पैसे वसूल." मी कागद घेऊन बसलो. स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं. माझ्या जुन्यावर ३१०, दुकानातल्या नव्यावर २०० च्या आसपास. वर्षाला ११० युनिट, माझ्या बिलात सगळं धरून युनिट साधारण दहा रुपयांना पडतं, म्हणजे अकराशे रुपये वर्षाचे. फ्रीज अठ्ठावीस हजारांचा. करा भागाकार. जुन्याचं गॅस्केट सैल असेल, कॉम्प्रेसर थांबतच नसेल तर तो लेबलपेक्षा जास्त खाणार हे मान्य, पण निव्वळ वीज वाचते म्हणून चांगला फ्रीज काढू नका. आणि स्टार बघताना लेबल कुठल्या काळाचं आहे तेही बघा, स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, जुना पाच स्टार आजचा पाच स्टार नसतो. स्टार सोडा, युनिट वाचा.

सेकंडहँडबद्दल एवढंच की त्यात नुकताच गॅस भरून विकायला ठेवलेला नाहीये हे तुम्हाला कोण सांगणार?

घ्यायचाच असेल तर सिंगल की डबल? दोन माणसं, गावाकडे व्होल्टेज कमी, वीज जाते-येते, तर सिंगल डोअर डायरेक्ट कूल. बिघडायला कमी भाग: पंखा नाही, हीटर नाही, बटण दाबून बर्फ वितळवायचा. चार माणसं, फ्रीजर खरोखर वापरणार, तर फ्रॉस्ट फ्री. आईला मी डबल घेऊन देत होतो, ती म्हणाली मला काय त्यात दुकान मांडायचंय? १९० लिटरचा सिंगल घेतला, बरोबर होतं तिचं. नवा आल्यावर तास-दोन तास तरी उभा ठेवून मगच चालू करा, टेंपोत आडवा आणला असेल तर आणखी जास्त.

हे सगळं ठरेपर्यंत आतल्या सामानाचं काय? दार उघडलं नाही तर बंद फ्रीजमध्ये चार तास सुरक्षित धरायचे, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवसही काढतो. मे महिन्यात शिजवलेलं अन्न तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर ते आधी शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही, त्याला २ ते ८ डिग्री लागतं, आणि ते असेल तर "स्वस्तात कोण करेल" हा शोध बाजूला ठेवून आज येणारा माणूस धरा. रिपेअर झाल्यावर खात्री करायची तर मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर रात्रभर ठेवा, सकाळी ३ ते ५ दिसलं पाहिजे. ताप मोजायचा नाही हं, तो खाली जातच नाही, स्वयंपाकाचा किंवा फिशटँकचा डिजिटल मिळतो तो.

दुकानदार आईच्या जुन्याचे एक्स्चेंजमध्ये बाराशे देत होता. दिला नाही तिने. मागच्या पडवीत उभा केलाय, प्लग कापून, लहान पोरं घरात नाहीत म्हणून मीही काही बोललो नाही. आत कुरडया, पापड, वर्षाची हळद आणि तिखट. मार्चमध्ये त्या पहिल्या मेकॅनिकने दाराला नवीन गॅस्केट टाकलं होतं, त्याचे चारशे वेगळे घेतले होते, तर आता त्यात एक मुंगी शिरत नाही, आणि आई अजूनही म्हणते, बघ, तो माणूस काही इतका वाईट नव्हता.